उंची १९० सेंमी, वजन १०४ किलो: लहान विमानात मी मावेन का?

लंबूटांग

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं मनात घोळत असलेलं उड्डाणाचं प्रशिक्षण आता घ्यायचंच असं ठरवलंय. वैद्यकीय तपासणी पार पडली. डॉक्टरांची काही हरकत नाही, हरकत माझ्या गुडघ्यांची असेल अशी शंका आहे. उंची १९० सेंमी, वजन कपडे-बुटांसकट १०४ किलो. पोट आहे, पण खांदे त्याहून रुंद आहेत.

क्लबात शिकण्यासाठी सेस्ना १५२ आणि १७२ ही लहान विमानं आहेत. १५२ स्वस्त पडतं, म्हणून सगळे तेच सुचवतात. फोनवर विचारलं तर "या हो, बसतात सगळे" एवढंच उत्तर मिळालं. बसतात म्हणजे नक्की काय? दार लागलं की बसलं म्हणायचं का? १५२ मध्ये माझ्यासारखा माणूस नीट शिकू शकतो का, की पहिल्यापासून मोठं विमान धरावं? उंच, जाड, बुटके, बारीक, सगळ्यांचेच अनुभव वाचायला आवडतील.

शेपूटचाक

मावाल हो. बाहेर निघता येईल का, हा वेगळा धागा.

कागदी_पायलट

सरळ १७२ घ्या. चार सीटचं विमान आहे, ऐसपैस. किंवा १५ किलो कमी करा, म्हणजे पैसे पण वाचतील.

निवृत्तमास्तर

कागदी, १७२ ऐसपैस आहे हे कोणी सांगितलं? मागे दोन सीट जास्त आहेत, खांद्यापाशी रुंदी मात्र जवळपास तेवढीच. १५२ ची केबिन साधारण ३९-४० इंच, १७२ चीही ४० च्याच आसपास. पायपर चेरोकी साडेएक्केचाळीसच्या घरात, डायमंड डीए४० सुमारे ४५, सिरस एसआर२२ तब्बल ४९. सेस्नाने १५२ च्या आधीच्या १५० ला, १९६७ च्या मॉडेलमध्ये, दारं बाहेरच्या बाजूला फुगवून कोपराशी तीन इंच मिळवले, आणि ते जाहिरातीत मिरवलं. यावरून आधी काय अवस्था असेल ते समजा.

आता लंबूटांग यांचा प्रश्न. यात दोन गोष्टी आहेत, त्या वेगळ्या ठेवा. एक, विमानाला तुम्ही झेपता का. दोन, तुम्ही आत बसून सगळी नियंत्रणं पूर्ण फिरवू शकता का. पहिली गोष्ट घरबसल्या कागदावर सुटते, म्हणून ती आधी.

१५२ चं कमाल उड्डाण-वजन १६७० पौंड, म्हणजे ७५७ किलो. रेडिओ वगैरे बसवलेलं जुनं प्रशिक्षण-विमान रिकामं ५२० किलोच्या आसपास भरतं. तुमच्या क्लबातल्या विमानाचा नेमका आकडा त्याच्या वजनपत्रात असतो, तोच धरा. समजा ५२२. उरले २३५. टाक्या पूर्ण भरल्या तर वापरता येण्याजोगं इंधन ९३ लिटरच्या आसपास, ते झालं ६७ किलो. म्हणजे दोन माणसं आणि त्यांचं सामान मिळून १६८ किलो. तुम्ही १०४, प्रशिक्षक ९०, हेडसेट-पिशव्या ५, एकूण १९९. बसलं नाही.

पण टाक्या पूर्ण भरायच्याच असं कुठे आहे? १९९ वजा केले की इंधनाला ३६ किलो राहतात, सुमारे ५० लिटर. तासाला २३ लिटर धरले तर दोन तासांहून थोडं जास्त. त्यातून राखीव ४५ मिनिटं काढा. तासाभराचा धडा आरामात होतो. लांबचा पल्ला मारायचा दिवस आला की मग इंधन की माणूस असा प्रश्न पडतो.

एक गोष्ट मात्र बजावून सांगतो. गणितात बसलं म्हणजे विमान खूश झालं असं नाही. ब्रिटनच्या नागरी विमान प्राधिकरणाच्या (सीएए) सुरक्षापत्रकात साधा हिशेब दिलाय: वजन १० टक्के वाढलं की उड्डाणाला लागणारं अंतर २० टक्के वाढतं. ११० अश्वशक्तीचं इंजिन, दुपारचं ऊन, गवताची धावपट्टी आणि काठोकाठ वजन, हे सगळं एकत्र आलं की १५२ चढत नाही, नुसतं विचार करतं.

कागदी_पायलट

मास्तर, मग विमान बनवणारे नक्की कोणत्या माणसाला धरून बनवतात? हल्ली ७७ किलोचा माणूस दिसतो कुठे?

निवृत्तमास्तर

आकडा बरोब्बर सांगितलात, आठवून की योगायोगाने, कोण जाणे. अमेरिकेच्या लहान विमानांसाठीच्या जुन्या भाग २३ च्या नियमांत सामान्य वर्गातल्या विमानात दर सीटमागे १७० पौंडच धरत, म्हणजे ७७ किलो. युटिलिटी वर्गात (मर्यादित कसरती चालणारी विमानं) १९०, कारण तिथे पॅराशूट गृहीत. सीट आणि पट्ट्यांच्या मजबुतीसाठी मात्र २१५ पौंडांचा माणूस धरायचा, म्हणजे साधारण साडेसत्याण्णव किलो. तुमचं वजन त्याहून जास्त म्हणून सीट मोडेल असं नाही, तो किमान निकष आहे. पण विमानाच्या पुस्तिकेत सीटची मर्यादा दिली असेल तर तिथे घासाघीस करायची नाही.

मोजपट्टी

मानवी मापांवर काम करते, विमान उडवत नाही. तरी राहवलं नाही म्हणून लिहिते.

"उंची किती" हा प्रश्नच इथे निकामी आहे. कॉकपिटमध्ये कोणी उभं राहत नाही. कामाची मापं तीन: बसल्यावर सीटपासून डोक्यापर्यंतची उंची, पाठीपासून गुडघ्यापर्यंतची लांबी आणि हात पुढे करून बोटांनी पकडता येतं ते अंतर. १८० सेंटिमीटरच्या दोन माणसांत बसल्या उंचीचा फरक पाच-सहा सेंटिमीटर सहज निघतो. लांब पायांच्या माणसाचं डोकं छताला लागत नाही, पण गुडघे अडकतात. लांब धडाच्या माणसाचं नेमकं उलटं. दोघंही "मी सहा फुटी" म्हणूनच सांगतात, आणि मग एकाचा सल्ला दुसऱ्याला लागू पडत नाही.

यावरचं गाजलेलं काम अमेरिकन हवाई दलातलं. गिल्बर्ट डॅनियल्स नावाच्या तरुण संशोधकाने १९५० च्या सुमारास ४०६३ वैमानिकांची मापं तपासली. कॉकपिटसाठी महत्त्वाची दहा मापं घेतली, प्रत्येकासाठी सरासरीच्या आजूबाजूचा मधला ३० टक्क्यांचा पट्टा "सरासरी" मानला आणि दहाही मापांत या पट्ट्यात बसणारे किती ते मोजलं. उत्तर शून्य आलं. सरासरी माणसासाठी बांधलेलं कॉकपिट प्रत्यक्षात कोणासाठीच नव्हतं. सरकती सीट, सरकती पेडल्स, लांबी बदलता येणारे पट्टे हा आग्रह तिथून वाढला.

लहान विमानांत हा आग्रह अर्ध्यावरच पोचलाय, असं माझं मत. पुढेमागे सरकणारी सीट बहुतेकांत मिळते, वरखाली होणारी मात्र सगळ्यांत नाही.

लंबूटांग, भिंतीला पाठ लावून कठीण स्टुलावर बसा आणि ही तीन मापं घ्या. आणि शोरूममध्ये गाडी बघायला गेल्यासारखं नुसतं बसून उठू नका. हेडसेट डोक्यावर चढवून बसा.

शेपूटचाक

अवांतर: वैमानिकाचं वजन ही भानगड पहिल्या विमानापासूनची आहे. राइट बंधूंच्या १९०३ च्या फ्लायरमध्ये वैमानिक पालथा झोपायचा आणि इंजिन त्याच्या उजवीकडे. इंजिन माणसापेक्षा जड, म्हणून उजवे पंख डाव्यांपेक्षा सुमारे चार इंच लांब ठेवले होते.

बुटकी_भरारी

उंचांच्या सभेत घुसते, माफी असावी. माझी उंची १५१ सेंमी, वजन ४९. तुमची दु:खं वाचून हेवा वाटतोय, कारण तुमच्याकडे निदान पाय पोचतात.

बुटक्या माणसाला सगळे एकच सल्ला देतात: उशी घे. खाली उशी घेतली की बाहेरचं दिसायला लागतं आणि पाय पेडलपासून दोन इंच लांब जातात. मग पाठीला उशी. पाठीला उशी घेतली की पाय पोचतात, पण योक (विमानाचं हाताने धरायचं, दोन शिंगांचं चाक) पूर्ण मागे ओढला की छातीला टेकतो. म्हणजे धावपट्टीवर टेकताना जेव्हा शेवटचा इंचभर योक हवा असतो, तेव्हा मीच मध्ये. शेवटी दोन्हीकडे पातळ, कडक उश्या आणि पेडलवर बोल्टने बसवलेले मंजूर जोड, एवढ्यावर जमलं. जाड तळव्यांचे बूटही वापरून पाहिले, पण पेडलचा अंदाजच येईना.

खाली बसल्यावर नाकापुढचं कमी दिसतं. फ्लेअर करताना (टेकण्याआधी नाक अलगद उचलताना) नाक वर आलं की धावपट्टी गायब. मग माणूस नकळत मान लांब करतो, मान लांब केली की हात पुढे जातो आणि नाक खाली येतं. माझ्या प्रशिक्षिकेने हे ओळखलं तेव्हा लँडिंगचा धडा थांबवून आधी उशीचा धडा घेतला. काउलिंगवरचा (इंजिनावरच्या झाकणावरचा) एक ठरावीक रिव्हेट दर वेळी क्षितिजाखाली तेवढाच दिसला पाहिजे. नाही दिसला तर उशी बदल, इंजिन चालू करू नकोस.

डायमंडमध्ये बसाल तर बघा, तिथे सीट जागची हलत नाही, पेडल्स तुमच्याकडे येतात. डोळे एका जागी ठेवून पाय जुळवायचे. हे मला जास्त शहाणपणाचं वाटतं.

ग्लायडरवेडा

बुटकीताईंच्या उशीवर दोन शब्द, कारण आमच्याकडे उशी हा जिवाचा विषय आहे.

मऊ फोमची उशी अजिबात नको. विंचने (जमिनीवरच्या, दोर गुंडाळणाऱ्या यंत्राने) ओढताना बिनइंजिनाचं ग्लायडर झटक्यात वेग घेतं. पाठीमागची उशी दबली की माणूस मागे सरकतो, हातातली स्टिक (योकऐवजी असलेला दांडा) त्याच्याबरोबर मागे येते, नाहीतर पुढे ढकलायची वेळ आली की हातच पुरत नाही. खालची मऊ उशी आपटल्यावर वाईट: ती आधी पूर्ण दबते, तोवर सीट थांबलेली असते, आणि मग मणक्याला एकदम तडाखा बसतो. हळूहळू दबणारा, ऊर्जा शोषणारा फोम मिळतो, तोच घ्यायचा.

दुसरं म्हणजे हलकं असणंही तेवढंच अडचणीचं. ग्लायडरमध्ये वैमानिक गुरुत्वमध्याच्या (ज्या बिंदूवर सगळं वजन तोललं जातं त्याच्या) बराच पुढे बसतो, त्यामुळे त्याचं वजन हेच नाकाचं वजन. म्हणून कॉकपिटमध्ये कमाल वजनाबरोबर किमान वजनाचीही पाटी असते. एएसके २१ च्या पुढच्या सीटला किमान ७० आणि कमाल ११० किलो. बुटकीताई ४९ किलोंनी तशाच बसल्या तर गुरुत्वमध्य मागे जाईल, नाक हलक्या स्पर्शालाही उडायला लागेल, आणि स्पिनमध्ये (गरगरत खाली पडण्यात) गेलं तर बाहेर काढणं कठीण. त्यासाठी शिशाची वजनं ठरलेल्या जागी बोल्टने आवळतात. नुसती पायाशी ठेवलेली नाहीत, सुटलेलं शिसं नियंत्रणांत अडकलं तर संपलं.

फिरकी

हेलिकॉप्टरवाले गप्प का? रॉबिन्सन आर२२ मध्ये एका सीटला कमाल २४० पौंड, सुमारे १०९ किलो, आणि त्यात त्या सीटखालच्या सामानाचं वजनही आलं. आर४४ ला ३००. लंबूटांग, तुम्ही १०४ म्हणजे पाण्याची बाटलीसुद्धा विचार करून. शिवाय आमच्याकडे तोल डावा-उजवाही बघावा लागतो. विमानात शेजारी जाड माणूस असला तर खांदा घासतो, इथे अख्खं यंत्र कलतं.

कागदी_पायलट

म्हणजे वजन कमी करा हाच निष्कर्ष ना? मी पहिल्याच प्रतिसादात म्हणालो होतो.

मोजपट्टी

नाही. १५ किलो कमी केल्याने मांडीचं हाड आखूड होत नाही.

निवृत्तमास्तर

आणि तो माणूस वैद्यकीय तपासणीत पास झालाय. विमानाची निवड त्याच्या आजच्या वजनावर करायची. पुढे उतरलं तर इंधन जास्त भरा.

लंबूटांग

सगळ्यांचे आभार. काल क्लबात जाऊन दोन्ही विमानांत आणि एका चेरोकीत बसून आलो. मोजपट्टीताई, हेडसेट चढवून, पट्टे आवळून, दारं लावून. प्रशिक्षक शेजारी. इंजिन बंद, ब्रेक लावलेले.

१५२: सीट पूर्ण मागे, तरी गुडघे योकच्या दोन्ही बाजूंना फाकवून बसावं लागतं. खांद्याला खांदा इतका चिकटतो की एकाने खिशातून पेन काढायचं तर दुसऱ्याने श्वास धरायचा. हेडसेटची पट्टी छताला टेकत होती, मान सरळ करताच येईना. नियंत्रणं मोकळी आहेत का ते बघताना सगळं ठीक वाटलं, योक डावीकडे-उजवीकडे फिरला. मग प्रशिक्षक म्हणाले, आता डावीकडून आडवा वारा आहे असं समजून टेकवा. योक पूर्ण डावीकडे, उजवं रडर (पायाच्या पेडलांनी फिरणारं शेपटीचं सुकाणू) पूर्ण. उजवा पाय पुढे गेला तसं डावं पेडल मागे आलं, डावा गुडघा वर उचलला गेला, आणि नेमकं तिथेच योकचं डावं शिंग खाली येऊन मांडीत रुतलं. शेवटचा चतुर्थांश मिळेचना. पाय बाजूला घ्यावा तर दार.

१७२: वजनाचा प्रश्न मिटला, रुंदी तीच. पण सीट आणखी मागे जाते आणि क्रॅंक फिरवून खाली घेता आली, त्यामुळे तोच प्रयोग पार पडला. मांडीला योक घासतो, अडत नाही. एक विचित्र गोष्ट: बाजूला बघितलं की समोर पंखाचं मूळ. बाहेर बघायला मान खाली घालावी लागते.

चेरोकी: आत शिरणं हीच कसरत, कारण दार एकच, तेही उजवीकडे, पंखावर चढून आधी मी आणि मग प्रशिक्षक. पण एकदा बसल्यावर खांदे मोकळे झाले, आणि बाजूला आकाश दिसलं.

मन चेरोकीकडे झुकतंय. मास्तर, १७२ मध्ये सीट इतकी मागे ठेवली तर तोल बिघडतो का?

निवृत्तमास्तर

तुमच्या प्रशिक्षकांना सोडू नका, माणूस कामाचा आहे. नियंत्रणं तपासताना बरेच जण पाय जमिनीवर ठेवून योक फिरवतात आणि पुढे जातात. रडर आणि योक विरुद्ध दिशांना एकाच वेळी पूर्ण, तेही पायाचा पंजा ब्रेकवर ठेवून, ही खरी परीक्षा. उजवीकडच्या वाऱ्यासाठीही करून बघायला हवी होती.

तोलाचं उत्तर: १७२एसच्या पुस्तिकेत पुढच्या सीटचं ठरलेल्या शून्यरेषेपासूनचं अंतर हिशेबासाठी ३७ इंच धरलंय, पण कंसात ३४ ते ४६ असंही लिहिलेलं असतं. म्हणजे सीट सरकते तसा आकडा बदलतो. सगळे डोळे मिटून ३७ लिहितात. तुम्ही ४६ वर बसलात तर १०४ किलो नऊ इंच मागे गेले. एकूण वजन ९५० किलो धरलं तर गुरुत्वमध्य जवळजवळ एक इंच मागे सरकतो. पूर्ण वजनाला मर्यादा ४१ ते ४७.३ इंच एवढीच असते, त्यात एक इंच म्हणजे थोडंथोडकं नाही. तुमच्या बाबतीत तो फायद्याचा आहे, कारण पुढे दोन धिप्पाड आणि मागे कोणीच नाही अशा १७२ चं नाक जड असतं, फ्लेअरला योक जास्त ओढावा लागतो. मागे दोन माणसं आणि सामान आलं की मात्र तोच इंच उलटतो. तेव्हा खरा आकडा टाका.

सीट मागेपुढे करणाऱ्या सगळ्यांना एक सांगून ठेवतो. सेस्नाची सीट रुळावर असते आणि रुळाच्या भोकात खिळ अडकते. भोकं झिजली किंवा खिळ नीट बसली नाही, तर उड्डाणाच्या धावेत सीट मागे घसरते. वैमानिकाच्या हातात योक असतो, तो त्यालाच लटकतो, नाक आभाळाकडे आणि मग स्टॉल, म्हणजे पंखांची उचल संपून विमान कोसळतं. अमेरिकेच्या विमान नियामक संस्थेने, एफएएने, यावर १९८७ मध्ये तपासणी सक्तीची केली आणि २०११ मध्ये नवा आदेश काढला. दुसरा अडसर बसवायची सोयही आहे. सीट लावल्यावर पेडलवर पाय रोवून पाठीने दोनदा जोरात मागे रेटा. बुटकीताईंसाठी हे जास्त महत्त्वाचं, त्यांची सीट पुढे असल्यामुळे घसरायला मागे अख्खा रूळ मोकळा.

बुटकी_भरारी

मी रेटते, रोज. शिवाय दार लावल्यावर पुन्हा एकदा.

लंबूटांगदादा, एकट्याने पहिलं उड्डाण कराल तेव्हा याचीही तयारी ठेवा: शेजारचे ९० किलो उतरले की विमान वेगळंच वागतं. माझी प्रशिक्षिका उतरल्यावर विमानात माणसाचं वजन ४९ किलोच राहिलं, विमान लिफ्टसारखं वर गेलं आणि उतरताना जमिनीला टेकायचंच नाव घेईना.

लंबूटांग

नोंद केली. चेरोकीवर पहिले काही धडे घेऊन बघतो. खांद्याचा पट्टा कमी पडला नाही, पण कमरेचा शेवटच्या टोकापर्यंत ओढावा लागला.

ढेरपोट्या

वाचनमात्र होतो, आज खातं उघडलं. उंची १६६, वजन ९२, म्हणजे माझी अडचण आडवी आहे. क्लबात स्टिकवालं दोन सीटचं विमान आहे, कमाल वजन ६०० किलोवालं. मध्ये स्टिक, मागे पोट. चालेल का?

निवृत्तमास्तर

स्टिक मधोमध मागे येते की नाही एवढंच बघू नका. पट्टे आवळून, पोट सैल सोडून, स्टिक पूर्ण मागे न्या आणि तिथूनच डाव्या कोपऱ्यात, मग उजव्या कोपऱ्यात. मांड्या आणि पोट यांच्या बेचक्यात ती बहुतेकदा कोपऱ्यांतच अडते. श्वास आत ओढून पोचत असेल तर ते पोचणं धरू नका. सीट एक घर मागे घेऊन पुन्हा करा, पण मग पेडल पूर्ण दाबता येतं का तेही परत बघावं लागेल.

आणि ६०० किलोवाल्यात गणित आधी. विमान रिकामं ३५० च्या आसपास असेल तर उरले २५०. तुम्ही ९२, प्रशिक्षकांचं वजन त्यांनाच विचारा, तक्त्यात लिहिलेलं घेऊ नका. मग इंधन किती ते इथे लिहा, बघू.